वाट आपली, कुत्रा आपला, मग निगा कुणाची?



मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका मागे टाकून गुजरातच्या दिशेने निघालं की थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचं देऊळ लागतं. गाव विवळवेढे, तालुका डहाणू. देवळाच्या पाठीशी उभा असलेला डोंगर आणि त्याचा सुळका दुरूनही ओळखू येतो. मूळ देवी डोंगरावरची. एका गरोदर भक्तिणीला चढ चढवेना, तेव्हा देवीच तिच्यासाठी खाली पायथ्याला आली, असं जुनी माणसं सांगतात. आजही चैत्र पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावचा पुजारी जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला ध्वज घेऊन मुसळ्या डोंगर चढतो. तिथून पुढे पंधरा दिवस यात्रा चालते. म्हणजे ह्या गावचं दैवतसुद्धा पायवाटेशी बांधलेलं आहे.

ह्या डोंगराच्या वाटा तुम्ही-आम्ही रोज तुडवतो. कुणी गुरं घेऊन जातो, कुणी सरपण आणतो, कुणी वरकस जमिनीत नागली-वरई करतो. जाणाऱ्या माणसाच्या पुढे दहा पावलं एक कुत्रा ठरलेला असतो. धर्मराज स्वर्गाच्या वाटेला लागला तेव्हा शेवटपर्यंत टिकला तो कुत्राच, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. पण ती वाट आणि तो कुत्रा, दोघांची निगा आपण कितपत राखतो? आजचा लेख त्यासाठीच.

शिवार फेरीचा एक दिवस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. एका वारली शेतकऱ्याच्या उताराच्या जमिनीत दगडी बांध घालायचे होते, म्हणून मी सकाळीच शिवार फेरीला निघालो. शेतकरी वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळा पाडा त्यांना बाबा म्हणतो, मीही बाबाच म्हणतो. पुढे त्यांचा मोत्या. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, एक कान कायमचा वाकलेला.

खरं सांगतो, नकाशा हातात असूनही मी डोंगर वाचायला शिकलो तो मोत्याकडून. मोत्या जिथे थांबून जमीन हुंगायचा तिथे हमखास ओल असायची. एका ठिकाणी तो वाट सोडून झुडपात शिरला आणि जीभ लपलप करत बाहेर आला. बाबा म्हणाले, "साहेब, तिथं झरा आहे. मार्गशीर्षात आटतो, पण औंदा टिकला." पाणलोटाचं काम करणाऱ्याला ह्याहून चांगली माहिती कुठे मिळणार? वरून खाली येताना कुठे माती धुपली, कुठे पाणी मुरतं, कुठे वणव्याने गवत काळं झालं, हे पायी चाललं तरच दिसतं. गाडीच्या काचेतून नाही दिसत.

तीन वाटा मिळतात तिथे आम्ही पोहोचलो तेव्हा गुरं राखणारा एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा रडत खाली येत होता. पोटरीतून रक्त वाहत होतं. कुत्रा चावला म्हणाला. "भुंकला नाय, काय नाय. सरळ आला आन् धरला." तेवढ्यात तोच कुत्रा वरून आला. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, चाल वाकडी. मोत्या त्याच्यावर धावून गेला. दोघांची क्षणभर झटापट झाली आणि तो कुत्रा महामार्गाच्या बाजूला निघून गेला. मोत्याच्या मानेवर दात लागले होते.

आता पोराला लवकर खाली न्यायचं होतं. जवळची वाट अर्ध्या तासात रस्त्याला लागते. त्या वाटेने गेलो तर पुढे काटेरी तार! कुणीतरी दोन महिन्यांपूर्वी कुंपण ठोकून वाट बंद केली होती. पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, पण तक्रार कुणीच केली नव्हती. आम्ही मागे फिरलो, लांबच्या वाटेने दीड तास घालवला. घरी आजीने जखमेवर हळद-चुना भरायला घेतला होता. तो थांबवून साबण आणि वाहतं पाणी ह्यांनी जखम धुतली आणि पोराला सरकारी दवाखान्यात नेलं.

वाटेत मी बाबांना विचारलं, "मोत्याला लस दिली आहे ना?" बाबा गप्प. मग म्हणाले, "पिलू होता तेव्हा टोचलं होतं. एकदा टोचलं की झालं ना, साहेब?"

मंडळी, चूक फक्त बाबांची नव्हती. मी त्या शिवारात वर्षभर फिरत होतो. खताचं विचारलं, बियाण्याचं विचारलं, पण रोज माझ्यापुढे चालणाऱ्या मोत्याच्या लशीचं एकदाही विचारलं नव्हतं.

एकदा टोचलं की झालं, असं नाही

पिसाळण्याचा आजार म्हणजे रेबीज. तो विषाणूमुळे होतो आणि लाळेतून पसरतो. चावा लागला की विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. साधारण दोन-तीन महिने काहीच कळत नाही. काही वेळा आठवड्यातही लक्षणं दिसतात, काही वेळा वर्ष जातं. पण एकदा लक्षणं दिसली की माणूस काय, जनावर काय, वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं ह्या आजाराने मरतात आणि माणसांना होणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव लागणी कुत्र्यांमुळे होतात. ह्याला औषध नाही. लस मात्र आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका चावलेल्या मुलाला ती पहिल्यांदा दिली. त्यांच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळतात.

आता आपल्या कामाचं नीट लक्षात ठेवा.

पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस द्यायची. पुढची मात्रा जनावरांचे डॉक्टर सांगतील त्या तारखेला. त्यानंतर दरवर्षी एकदा. लशीचं कार्ड घरातल्या सातबाऱ्याबरोबर ठेवा, हरवू नका.

माणसाला चावा लागला, ओरखडा निघाला किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. सुया पोटात चौदा, हा जुना काळ गेला. आता दंडात किंवा कातडीत थोड्याच सुया असतात. चावल्याचा दिवस नव्हे, पहिली सुई दिली तो दिवस शून्य धरतात आणि पुढच्या तारखा डॉक्टर कागदावर लिहून देतात. त्यातली एकही चुकवू नका. रक्त आलेल्या चाव्याला जखमेत वेगळं औषधही भरावं लागतं, म्हणून "नुसती सुई घेतली" एवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना जखम दाखवा.

चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवसांनीही तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. पण तेवढे दिवस वाट बघत बसून माणसाची सुई लांबवायची नाही. सुई आधी, नजर नंतर.

गुरांचंही तसंच. बैल एकाएकी लाळ गाळतो, घशात काही अडकल्यासारखं करतो, विचित्र हंबरतो. अशा वेळी आपण पटकन त्याच्या तोंडात हात घालून बघतो. असं करू नका. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं जनावर असंच करतं. आधी डॉक्टरांना बोलवा.

त्या पोराच्या सगळ्या सुया वेळेवर झाल्या. आज तो उंचापुरा झाला आहे. मोत्याला मात्र जनावरांच्या डॉक्टरांनी चावल्यानंतरच्या लशी दिल्या आणि सहा महिने वेगळं बांधून ठेवायला सांगितलं. लस वेळच्या वेळी झालेली असती तर एक वाढीव मात्रा आणि थोड्या दिवसांची देखरेख, एवढ्यावर भागलं असतं. त्या सहा महिन्यांत बाबा एकटेच वर जायचे. रानडुकरांनी काठाची पेरणी उकरली. बाबा म्हणाले, "साहेब, दहा मिनिटांची लस चुकवली, सहा महिने भोगलं."

बिबट्या, ससा आणि दावं

डोंगराच्या वाटेवर कुत्रा नेताना आणखी एक गोष्ट. आपल्या भागात वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारस पाळली जाते. वाघोबाला मान देणारी माणसं तुम्ही, बिबट्याची ओळख तुम्हाला मी नव्याने करून द्यायची गरज नाही. पण बिबट्या कुत्र्यासाठी येतो, हे लक्षात असू द्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावच्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्याच्या खालोखालही नव्हत्या, बऱ्याच मागे होत्या. म्हणून अंधार पडल्यावर आणि पहाटे कुत्र्याला मोकळा सोडू नका, रात्री अंगणात बांधून ठेवू नका, बंद जागेत घ्या. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताटात वाढल्यासारखंच. आणि त्याच्या मागे बिबट्या दारापर्यंत येतो ते वेगळंच.

रानात शिरताना गळ्यात पट्टा आणि हातात दावं असावं. कुत्रा ससा, भेकर, मोर ह्यांच्या मागे लागतो. आपल्याला गंमत वाटते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्रा सोडून जनावर पाठलाग करून धरणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. शिवाय कुत्र्यांचे आजार रानात जातात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले. त्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. गावच्या कुत्र्याची लस ही रानाचीही राखण आहे.

चैत्र-वैशाखात दुपारी कातळ तापतो. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या नाही. हाताचा पंजा दगडावर ठेवून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर कुत्र्याला नेऊ नका. सकाळी लवकर निघा, पाणी दोघांचं घ्या. पावसाळ्यात घरी आल्यावर कानात आणि बोटांच्या सांध्यांत गोचीड बघा. वाट सोडून गवतात नाक घालू देऊ नका. फुरसं आणि घोणस आपल्याकडे कमी नाहीत.

वाट गावच्या नकाशावर आहे का?

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. त्या दिवशी आमचा तास गेला तो तारेमुळे. वाट म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. बहुतेक जुन्या वाटा गाव नकाशावर दाखवलेल्या असतात. दोन तुटक रेषांनी गाडीमार्ग दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेने पायमार्ग दाखवतात, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. तुमच्या पाड्याची वाट नकाशावर आहे का, हे एकदा तलाठ्यांकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) जाऊन बघा.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. "बघू, बोलू" करत सहा महिने घालवले की तो रस्ता कठीण होतो. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आमच्या त्या तारेचं पुढे काय झालं? गावाने सहा महिन्यांत अर्ज केला, कुंपणवाल्याशीही बोलणं झालं, आणि शेवटी त्यांनीच बाजूला फाटक ठेवलं. आधी चार शब्द, मग कागद.

हे आजच का सांगतो? आपल्या डहाणू-तलासरीतून महामार्ग तर होताच, आता द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनची कामंही आली. मोठा रस्ता आला की छोट्या वाटा तुटतात. गुरं, शाळेची पोरं, सरपणवाल्या बाया पलीकडे कशा जाणार, हे कागदावर मांडायचं काम ग्रामसभेचं आहे. आपला भाग पेसा क्षेत्रात येतो, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. त्यात डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवलेला. तेव्हा डोंगरावर यंत्र लावून वाट रुंद करण्याची घाई नको. पायवाट पायवाट म्हणूनच चांगली राखता येते.

ती राखायची कशी? सरळ उतरणारी वाट पावसाळ्यात ओघळ होते आणि तुमची माती नाल्यात नेते. वाटेवर दर वीस-पंचवीस पावलांवर दगडांची एक तिरकी रांग पुरा, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूच्या गवतात शिरेल. चढ फार असेल तिथे वाट वळवून न्या. हे काम मृगाच्या आधी, चार माणसं आणि दोन दिवस, एवढंच. फेब्रुवारीनंतर वाटेकाठचं वाळलेलं गवत कापून न्या. वैरणही होते आणि विडीच्या थोटकाने वणवा लागायचं भयही कमी होतं.

पाहुण्यांना नाही म्हणू नका, कार्ड विचारा

अलीकडे सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं पट्ट्याला बांधलेला कुत्रा घेऊन डोंगर चढायला येतात. विवळवेढ्याला येतात, जव्हारला येतात. पाड्यातली पोरं हसतात. हसू नका. माथेरानची गोष्ट आठवा. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकच्या बाजूने पायवाटेने तो डोंगर चढले. वाट आधीपासून डोंगरच्या माणसांचीच होती, नाव मात्र साहेबाचं झालं. पुढे तिथे अख्खं गाव उभं राहिलं. तिथे आजही मोटारींना बंदी आहे आणि लोक चालायला म्हणूनच पैसे खर्चून जातात. आपल्या वाटांचं मोल दुसऱ्याने ठरवण्याआधी आपण ठरवलेलं बरं. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आहे. वाट दाखवणारा तरुण, नागलीची भाकरी, ताडगोळे, चिकू, ह्यात पाड्याला दोन पैसे मिळू शकतात.

फक्त दोन अटी घाला. पाहुण्याच्या कुत्र्याचं लशीचं कार्ड बघायचं आणि डोंगरावर त्याला दाव्यावर ठेवायचं. पण दुसऱ्याचं कार्ड विचारायला आपल्या मोत्याचं कार्ड आधी घरात हवं, खरं ना?

होळीला लस, पौर्णिमेला यात्रा

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील मंडळींना एक सुचवतो. यात्रेच्या पंधरा दिवसांत माणसं लोटतात. उरलेल्या अन्नावर लांबलांबून कुत्री जमतात, एकमेकांत भांडतात. गर्दीत चावा लागायला वेळ लागत नाही. लस दिल्यावर अंगात ताकद यायला तीन-चार आठवडे जातात. फाल्गुन पौर्णिमेला होळी आणि चैत्र पौर्णिमेला यात्रा, मध्ये बरोब्बर एक महिना. म्हणून दरवर्षी होळीच्या आठवड्यात पाड्यापाड्यावर कुत्र्यांच्या लशीचं शिबीर घ्या.

पशुवैद्यकीय दवाखान्याला महिनाभर आधी पत्र द्या. पत्रात कुत्र्यांची संख्या लिहा. ती कशी कळणार? प्रत्येक पाड्यातल्या दोन पोरांना वही द्या. घरचे किती, बेवारस किती, रंग कोणता, लस झाली का. दोन दिवसांत यादी होते. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली तर आजाराची साखळी तुटते, असं जगभरचा अनुभव सांगतो. शंभर नाही जमले तरी सत्तर जमवा. लस झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात त्या वर्षाच्या रंगाची दोरी बांधा, लांबूनच ओळख पटते. बेवारस कुत्री वाढत असतील तर मारून उपयोग नाही आणि कायद्यालाही ते चालत नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून जिथून नेली तिथेच सोडायची असतात. आणि उकिरडा झाका, निम्मं काम तिथेच होतं.

त्याच शिबिराच्या दिवशी सकाळी गावाने एक शिवार फेरी काढावी. तलाठ्यांनी नकाशा घ्यावा, शेतकऱ्यांनी कुदळ घ्यावी, पोरांनी कुत्री दाव्याला धरावीत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक वाट चालून यावी. कुठे तार ठोकली, कुठे ओघळ पडला, कुठे झरा अजून वाहतो, हे वहीत उतरवावं आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. खर्च म्हणाल तर चहाचा.

मोत्या आता म्हातारा झाला आहे. मागच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा ओट्यावर उन्हाला पडला होता. मी वाटेला लागलो तसा उठला आणि झऱ्यापर्यंत आला. पुढे चढवेना, तिथेच बसला. बाबांनी मला घरातून कार्ड आणून दाखवलं. त्यावर ओळीने सगळ्या वर्षांच्या तारखा होत्या. तुमच्या घरी असं कार्ड आहे का? नसेल तर ह्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात जाऊन या. जाताना पायवाटेनेच जा, म्हणजे ती मोकळी आहे की नाही, तेही कळेल.